ओळीचा शेवटचा शब्द

आमच्या सासूबाई, अंजनाबाई, तीन दिवस लेकीशी बोलत नव्हत्या. जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अबोला धरायला फार चिकाटी लागते. "उज्ज्वलराव, तिला सांगा, भाजी शेगडीवर आहे," असं त्या मला सांगायच्या, आणि ती समोरच उभी असायची.

ती म्हणजे क्षमा, माझी बायको. दिवसा कंपनीत मशीनची ड्रॉइंग्ज तपासते आणि दर गुरुवारी गावच्या बिग बँडमध्ये गायची. वीस वाजवणारे आणि पुढे ही एकटी. तिला तिथे जेमतेम दोन वर्षं झाली असतील, तोच २०१४ साली न्यूरेंबर्गच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने तिला विचारलं, एकटीची सीडी कराल का? आधी एक गाणं रेकॉर्ड करू, जमलं तर पुढचं. बाईसाहेबांनी त्याच आठवड्यात बँड सोडला! बँडचे प्रमुख क्राउससाहेब एवढंच म्हणाले, "जागा रिकामी राहणार नाही." म्हणजे परतीची वाट बंद.

सासूबाईंचं दुखणं जुनं होतं. कल्याणला माझ्या सासऱ्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती, आणि सासूबाई तिच्या कोरसमध्ये गायच्या. मुख्य गायक श्यामकांत कॅसेट काढायला म्हणून पार्टी सोडून गेला आणि वर्षभरात पार्टी बसली. सासऱ्यांनी मरेपर्यंत पुन्हा पेटी उघडली नाही. आता पोटची पोर तेच करत होती, आणि वर गाणंही सासऱ्यांनीच रचलेलं निवडलं होतं.

तरी त्या स्टुडिओत आल्या. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. साथीला एक पियानोवाला, आणि आम्ही दोघं कोपऱ्यात, श्वास बेतानं घेत. सहा वाजता खोली दुसऱ्या कुणाला द्यायची होती.

क्षमाने सूर छान लावला, पण ओळ संपायच्या आत थांबली. "अर्धीच का सोडता?" रेकॉर्डिंग करणाऱ्याने विचारलं. ती चमकली. पुन्हा गायली, पुन्हा तेच. ओळीचा शेवटचा शब्द कोरसने उचलायचा, ही वडिलांच्या पार्टीत ऐकून लागलेली तिची लहानपणापासूनची सवय. बँडमध्येही तिथे सॅक्सोफोन धावून यायचे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, तिच्याही नाही. आता मागे कुणी नव्हतं. मुद्दाम म्हणायला गेली की शब्द चिमट्यात धरून आणल्यासारखा यायचा. सहा वेळा झालं. पावणेसहा वाजले.

"चला, आता शेवटचं," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. मला वाटलं, संपलं. बँडही गेला आणि हेही गेलं.

ती गायली. ओळ त्याच जागी तुटली. आणि माझ्या शेजारून, बसल्या जागेवरून, खणखणीत आवाज आला, "उजेड!"

सासूबाईंनी डोळे मिटले होते. क्षमाने मागे वळून पाहिलं नाही. तिने पुढची ओळ घेतली, सोडली. त्यांनी ती पुरी केली. शेवटच्या कडव्यापर्यंत हेच चाललं. मला खोकायचीही चोरी.

"हे असंच ठेवू," रेकॉर्डिंग करणारा म्हणाला. "सीडीसुद्धा अशीच करू."

क्षमा रडतच आईजवळ आली. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलल्या.

"तुझ्यासाठी नाही गायले. ह्यांची ओळ अर्धी राहत होती."