डोंबारी चंडोलाचा संसार

शिरड शहापूरच्या माळावर माझ्या ओळखीचे जेवढे नवरे होते, त्या सगळ्यांत बिनकामाचा दिसणारा आणि तरी बायकोला सगळ्यांत कमी छळणारा नवरा म्हणजे डोंबारी चंडोल. गावात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन नवा आला तेव्हाची ही गोष्ट. चंडोल म्हणजे चिमणीपेक्षाही लहान पाखरू. डोकं राखेत घातल्यासारखं, पोट तव्याच्या बुडासारखं काळं. भर उन्हात वर चढायचा आणि पंख मिटून शीळ घालत दगडासारखा खाली यायचा. आता मेला म्हणेपर्यंत भुई टेकायच्या आत पुन्हा वर. मेंढ्या वळता वळता मी ओरडायची, "अरे, सकाळपासून पोटात काही घातलं का न्हाई?" मग ढेकळावर असा ऐटीत बसायचा, जसं शेत त्याच्याच नावावर आहे. झाडावर बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

घर म्हणाल तर बैलाच्या खुराचा खड्डा, आत चार काड्या, काठाला खडे. माळ एवढा मोठा, पण त्या उन्हाळ्यात त्याने खड्डा निवडला तो नेमका आम्ही खतासाठी मेंढ्या बसवणार होतो त्या शेतात. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, लावायला खुंट्या ठोकल्या आणि कडेजवळच मला दोन पिल्लं दिसली. नुसत्या चोची.

"भावजी, खुंटी आत सरकवा," मी दिराला म्हटलं.

"काहून? एवढ्याशा पाखरासाठी?"

"साऱ्या मेंढ्यायचे खुर पडतील त्यायच्यावर."

"मंग त्यानं दुसरं घर पाहावं. आमी न्हाई का पाहून राहिलो दर आठ दिवसाला?"

एवढ्यात चंडोल दिराच्या पागोट्यावरून असा सूं करत गेला की दीर मटकन खाली बसला. शिव्या देत उठला आणि त्याने खुंटी सरकवली. वाघरीला लाथ मारल्यासारखा पोचा पडला.

शेतमालक आला. "मावशी, वाघर अशी वाकडी काहून?"

"मेंढ्यायला हवा लागती," मी म्हटलं.

"व्हय," दीर गंभीर तोंडाने म्हणाला, "मधल्या मेंढीला लई तकलीफ होती."

चौथ्या दिवशी सकाळी खड्डा रिकामा. काड्या जागच्या जागी. सापाने नेली म्हणावं, की त्यांना पाय फुटले म्हणावं? मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात चंडोलाची बायको चोचीत नाकतोडा धरून आली आणि पलीकडच्या कुसळीत शिरली. मागून तोही, कसरत विसरून, अळी घेऊन भुईवरून तुरुतुरु. दोघं मोकळ्या चोचीने बाहेर आले. गवतात एकच पिल्लू होतं की दोन्ही, ते बघायला मी गेले नाही. माणसाचा पाय जड. दिराने मेंढ्या लांबच्या अंगाने हाकल्या.