तिसरं मशीन

पुष्पा खिलारीच्या माहेरी आणि सासरीही दोन पिढ्यांमागं मेंढरं होती. ती मात्र गेली बावीस वर्षं युरोपातल्या एका विमान कंपनीची मशीनं सांभाळत होती. घरातले कॉम्प्युटर नव्हेत; कपाटाएवढी चार मेनफ्रेम, समुद्रापार ठेवलेली. चौघांत माहिती एकच. तिकीट कुठल्याही मशीनवर काढा, बाकीच्या तिघांना ते त्याच क्षणी ठाऊक. एक बंद केलं तरी उरलेली तीन त्याचं काम वाटून घेत आणि विमानतळावरच्या माणसाला पत्ताही लागत नसे. घरून काम सुरू झालं तेव्हा पुष्पा पुण्याहून पिंपळवंडीला परतली आणि माडीवरच्या खोलीतून हा कारभार पाहू लागली.

कळंबची श्रेया सहा वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली आली. आपल्याच भागातली पोर म्हणून पुष्पानं तिला हाताला धरून शिकवलं. आणि यंदा मार्चमध्ये साहेबांनी, म्हणजे सयाजीरावांनी, टीमची प्रमुख म्हणून नेमलं ते श्रेयाला.

पुष्पानं अभिनंदनाचा निरोप पाठवला. पुढं तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. "पुष्पाला विचारा" म्हणणारे परदेशी लोक आता "श्रेयाला विचारा" म्हणू लागले. सगळ्यात जास्त डाचायचं ते हे, की श्रेया चुकतही नव्हती.

"त्या पोरीचा फोन आला की तुझं त्वांड कडू व्हतं," सासू तुकाबाई एकदा म्हणाल्या. "तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काय न्हाई."

"तसं काही नाही, आत्याबाई," पुष्पा म्हणाली आणि जिना चढून गेली.

जूनमध्ये तिसरं मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं ठरलं. श्रेयानं सगळी योजना लिहून पुष्पाकडे मंजुरीसाठी पाठवली. चौथ्या पानावर पुष्पाची नजर अडकली. 'सर्व कामं आपोआप उरलेल्या तिघांवर जातील.' सगळी जाणार नव्हती. सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी पुष्पानंच घाईत तिसऱ्या मशीनला जखडला होता, कारण त्याच्या परवान्याची किल्ली, म्हणजे तो चालू करणारा सांकेतिक आकडा, तेवढ्याच मशीनची होती. पुढं तिनं चौथ्यासाठी राखीव किल्ली मागवून ठेवली, पण त्याची नोंद कुठं केली नाही.

बैठकीत श्रेयानं विचारलं, "पुष्पाताई, काही राहिलंय का?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात सयाजीराव म्हणाले, "श्रेयानं पाहिलंय म्हटल्यावर पुन्हा काय बघायचं?"

"नाही, ठीक आहे," पुष्पा म्हणाली.

शनिवारी दुपारी एकला मशीन बंद झालं. तिकडं तेव्हा सकाळची गर्दी होती. तिकिटं सुरळीत निघत राहिली, पण चिठ्ठ्या थांबल्या. पडद्यावर अडकलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा पुष्पा पाहत होती. चाळीस. तीनशे. नऊशे. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

फोन वाजला. तिनं वाजू दिला. पुन्हा वाजला, तेव्हा उचलला.

"ताई, बाकी सगळं चालू आहे, चिठ्ठ्याच येत नाहीत. मी काय चुकले?" श्रेयाचा आवाज नोकरीच्या पहिल्या महिन्यातला झाला होता.

"तू नाही चुकलीस. ते काम तिसऱ्यालाच बांधलेलं आहे. चौथ्याची किल्ली माझ्याकडे आहे, लिहून घे."

दहा मिनिटांत चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. तोवर दोन विमानं प्रवाशांचं सामान न घेताच उडाली होती.

संध्याकाळी श्रेयाचा पुन्हा फोन आला. "ताई, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"बैठकीतसुद्धा?"

"हो."

 श्रेया म्हणाली, "मी अहवालात 'नोंद नव्हती' एवढंच लिहिते."

शिव्या परवडल्या असत्या. या मोठेपणानं पुष्पाला चटकाच बसला. इथंही पोरगी आपल्या पुढं गेली! सोमवारी सकाळी तिनं स्वतःच सयाजीरावांना फोन लावला. "मला ठाऊक होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"का पण?"

"तिचा हेवा वाटला, साहेब."

 शेवटी वर्षभरासाठी योजनांना मंजुरी देण्याचा पुष्पाचा अधिकार गेला, आणि डोक्यात असलेलं पण कागदावर नसलेलं सारं लिहून काढायचं काम तिच्याकडे आलं. ते तपासणार श्रेया.

दर बुधवारी दोघी बसतात. पूर्वी श्रेया घरच्या गप्पा मारायची, आईच्या गुडघ्यांचं सांगायची. आता कामापुरतं बोलते. परवाच्या बुधवारी तिनं पुष्पाच्या एका नोंदीत चूक काढली. पुष्पानं दोनदा पडताळून पाहिलं. श्रेयाचंच बरोबर होतं. छातीत तीच जुनी कळ उठली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली, नोंद दुरुस्त केली आणि पुढची वाचायला घेतली.