मंडालेकर
चंदनाचा वास आला की गालांना झाडाच्या सालीचा सुगंधी लेप लावणारी माझी ब्रह्मदेशातली विद्यार्थिनी आठवते. लढाईतून निघून ती नांदेडला शिकायला आली होती आणि राहण्याचा पत्ता दिला नाही तर तिचा प्रवेश रद्द होणार होता. मी तिला घेऊन एक खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी तिचा भाडेकरूचा अर्ज उलटूनपालटून पाहिला. “आडनाव न्हाई?” “त्यांच्यात नसतंच,” मी म्हणालो. “असं कुठं असतंय का सर? लपवून राहिली ही पोरगी.” शेवटी तिचं गाव विचारून मी रकान्यात ‘मंडालेकर’ लिहिलं. “हां, आता कसं!” म्हणत त्यांनी किल्ली दिली, मग मला निरखत विचारलं, “तुमचं काय म्हणले?” “अहमदपूरकर.” ते समाधानानं हसले. लातुरात खोली मिळेना म्हणून वडिलांनी मूळ आडनाव टाकून घेतलेलं हे नाव आजही माझ्या दारावर आहे.