तात्यांच्या नावाचे परवाने

यात मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. माणसांची नावं मी आजवर पुष्कळ लिहिली, आणि कशासाठी लिहिली ते पुढे येईलच. तेव्हा आता हात आवरलेला बरा. एका माणसाला मात्र काहीतरी म्हणावंच लागेल, म्हणून तात्या म्हणते. आमची सगळी चाळ त्यांना तात्याच म्हणते.

माझं अक्षर चांगलं आहे. परळच्या आमच्या चाळीत कोणाला अर्ज करायचा झाला की कोरा कागद माझ्याकडे येतो. सगळं मोबाइलवर होतं म्हणतात, पण आमच्या लोकांना हातचा कागद देऊन त्यावर शिक्का घेतल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. त्यातले निम्मे अर्ज तात्यांचे. नळाला पाणी नाही, गटाराचं झाकण चोरीला गेलं, जिन्यातला दिवा बंद आहे. तात्या शेजारी उभे राहून सांगायचे, मी लिहायची. लिहून झालं की चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "काय गो बाय तुजा अक्षर! सायबाक नाय म्हणूक लाज वाटात." मग खाली आपली वाकडीतिकडी सही करायचे.

तात्या पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पगाराच्या दिवशी सोबती गुत्त्यात शिरायचे तेव्हा हे बाहेर त्यांच्या डब्याच्या पिशव्या राखत बसायचे. दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. आता रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून विहारात पोरांना पंचशील शिकवतात. ते एक ओळ म्हणतात, पोरं मागून म्हणतात. मीही लहानपणी तशीच शिकले. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. चौथ्याला मी फार मोठ्यानं ओरडायची आणि तात्या हसायचे.

आता माझ्या उद्योगाकडे येते.

आपल्याकडे दारू विकत घ्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतं. ज्याच्याकडे कायमचा परवाना नाही त्याला दुकानदारानं एक दिवसाचा परवाना लिहून द्यायचा, नाव, वय, पत्ता आणि सही घेऊन. बिअरला एकवीस वर्षं पुरी हवीत, बाकी दारूला पंचवीस. पण काउंटरवर गर्दी असताना हे कोण लिहीत बसणार? बाटल्या आधी विकल्या जातात आणि त्यांच्या हिशेबानं परवाने मागाहून लिहिले जातात. निदान आमच्या नाक्यावरच्या दुकानात तरी तसंच चालायचं. ते मागाहून लिहिणं म्हणजे माझं काम.

नवऱ्याची कुरिअरची नोकरी गेली होती. त्याची त्या दुकानातल्या एका काउंटरवाल्याशी ओळख होती. चाळीतल्या बाया राख्या बनवतात, माळा ओवतात, तसंच हेही घरबसल्या काम, असं त्यानं मला सांगितलं आणि मी ते मानून घेतलं. मानायचंच होतं. परवान्यांची कोरी पुस्तकं हिंदमातावरच्या एका साडीच्या दुकानाच्या पिशवीतून घरी यायची. दिवसा ती पिशवी कपाटावर, सुटकेसच्या मागे. दुपारी सगळे लवंडले की खाली काढायची आणि दाराला कडी लावून लिहायला बसायचं. मुलगी कॉलेजात जायची. तिला मी सांगितलं होतं, एका डॉक्टरचे कागद उतरवून देते.

सुरुवातीला मनानं नावं रचली. आडनाव इकडचं, नाव तिकडचं. पण रोज शे-दीडशे नावं रचून बघा, डोकं कोरडं पडतं. मग शाळेतल्या हजेरीची नावं आठवली तशी लिहिली. तीही संपली. मग एके दिवशी मनातल्या मनात आमच्याच चाळीत शिरले. पहिल्या खोलीपासून सुरुवात केली आणि गॅलरीतून चालत गेल्यासारखी एकेक दार घेत गेले. ज्यांच्या घरून दिवाळीत फराळाचं ताट येतं, त्यांच्या नावावर क्वार्टर. ज्या भाऊंनी माझ्या बाळंतपणात टॅक्सी शोधून आणली, त्यांच्या नावावर दोन बिअर. वयं सगळी तिशीच्या पुढची टाकायची, सह्या डाव्या हाताने करायच्या. आपण फार हुशार आहोत असंही वाटायचं.

तात्यांचं नाव कधी लिहिलं गेलं ते खरंच आठवत नाही. इतक्या अर्जांखाली ते लिहिलं होतं की बोटांना त्याची सवयच झाली होती. कंटाळा आला की हात आपोआप तेच नाव लिहायचा. वय बहात्तर, खोली नंबरासकट. एकदा लिहिल्यावर लक्षात आलं आणि मी जीभ चावली. खोडलं मात्र नाही, कारण खाडाखोड केलेला परवाना चालत नाही. आणि जे एकदा चाललं ते पुढेही चालू राहिलं.

मग आमच्याच मजल्यावरचा अकरावीतला मुलगा भर दुपारी जिन्यात पडलेला सापडला. ओकून घाण केलेली, दप्तर उशाशी, दप्तरात रिकामी बाटली. तात्यांच्याच हाताखाली पंचशील शिकलेला. तात्यांनी त्याला नळाखाली बसवून आंघोळ घातली आणि कुठून आणलीस ते काढून घेतलं. नाक्यावरचं दुकान. तिथे वय विचारत नाहीत, क्लासची सगळी पोरं तिथूनच घेतात.

संध्याकाळी तात्या कोरा कागद घेऊन माझ्या दारात.

"बाय, एक अर्ज लिवचो आसा. ह्यो आतापावतचो सगळ्यात मोठो अर्ज."

मी लिहिला. कपाटावर पिशवी, खाली टेबलाशी मी, आणि तात्या सांगत होते, "शाळा-कॉलेजातल्या पोरांना हे दुकान दारू देतं, तरी त्याच्या परवान्याची चौकशी व्हावी." तेव्हाच कळलं होतं मला, की त्या पोराच्या बाटलीवरसुद्धा मी कुठल्यातरी चाळीस वर्षांच्या बाप्याचं नाव घातलं असणार. दुकानानं पोराला बाटली दिली आणि मी ती कागदावर मोठ्या माणसाची करून दिली. म्हणजे तो पोरगा माझ्या सहीनंच प्यायला होता. तरी मी सांगितलं नाही. अर्ज कुठेतरी ढिगात पडेल, त्याचं काही होणार नाही, असं मी मनात धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण लिहिलेल्या अर्जाचं काही होऊ नये.

पण झालं. दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, तात्यांनी अर्जाखाली चाळीतल्या चाळीसेक सह्या गोळा केल्या होत्या, आणि उत्पादन शुल्क खात्याकडून सुनावणीचं पत्र आलं. तात्यांना कचेरीत वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे अर्थातच मी.

बसमध्ये तात्या नव्या इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. काय बोलायचं ते घोकत होते. मध्येच म्हणाले, "दुकान बंद झाला नाय तरी चालात. पण पोरांक देवचा बंद करूक व्हया." मी खिडकीबाहेर बघत हो हो करत होते.

साहेबांच्या टेबलापलीकडे दुकानाचे मालक आणि त्यांचे वकील बसले होते. ते मला ओळखत नव्हते. काम काउंटरवाल्याच्या हातून नवऱ्याकडे यायचं, त्यामुळे माझं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. तात्या उभे राहून बोलले, घोकलेलं अर्धं विसरले, पण त्या पोराला नळाखाली बसवल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा साहेबांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. साहेब माणूस बरा वाटला. मला वाटलं, जिंकले तात्या.

मग वकिलांनी पिशवीतून परवान्यांची पुस्तकं काढून टेबलावर रचली. म्हणाले, "साहेब, प्रत्येक बाटलीला परवाना आहे. एकही ग्राहक वयात न बसणारा नाही. आणि तक्रारदारांबद्दल म्हणाल तर ते आमचे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत." पिवळ्या चिठ्ठ्या लावून पानं काढून ठेवली होती. बहात्तर वर्षांचे तात्या, खोली नंबरासकट, एका पानावर, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर.

मालक हसले.

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. अगदी माझा अर्ज बघायचे तसंच. पान उलटलं, पुढचं बघितलं. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर होते, मला फक्त त्यांची मान दिसत होती. ती हलेना.

साहेबांनी विचारलं, "आजोबा, ही सही तुमची वाटत नाही. तुमची नसेल तर स्पष्ट सांगा. मग हे अक्षर कोणाचं आहे ते आम्ही शोधून काढू."

शोधायला लांब जायलाच नको होतं. पुस्तकाच्या शेजारी तात्यांचा अर्ज पडला होता. तेच वळण, तेच 'ळ', तीच रेघ. दोन्ही कागद जवळ धरले असते तर पोरालाही कळलं असतं. मी उठायला हवं होतं. चार शब्द होते, "साहेब, अक्षर माझं आहे." तेवढे बोलायला किती वेळ लागतो? मी पदर बोटाला गुंडाळत बसून राहिले.

तात्यांनी पुस्तक खाली ठेवलं. खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि ते अर्जावर ठेवलं, मग त्यावर आपला हात ठेवला. वेंधळ्या म्हाताऱ्यानं ठेवावा तसा.

"माजीच असात," ते म्हणाले. "म्हातारो माणूस मी. हात कापता, सही बदालता."

"म्हणजे तुम्ही दारू घेत होता?"

"घेतली असात सायेब."

वकिलांनी हात जोडल्यासारखं केलं. साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी लिहायला घेतलं. दुकानाला ताकीद मिळाली, कॅमेरा लावायला आणि वयाची पाटी लावायला सांगितलं गेलं, आणि परवाना कायम राहिला. पाटी लागलीसुद्धा. त्या पाटीखालून पोरं अजून बाटल्या घेऊन जातात.

परतीच्या बसमध्ये तात्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी रडत होते, तर त्यांनी रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. उतरताना म्हणाले, "त्यां काम सोड बाय. पोरीच्या कॉलेजाचा बगू आपण काय तां." एवढंच. का केलंस असंही विचारलं नाही. विचारलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला जरा बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं असं मी काय केलं होतं?

काम सोडलं. पिशवी नवऱ्याबरोबर परत पाठवली. आता दुसरं कोणीतरी लिहीत असेल.

बातमी चाळीत आमच्या आधी पोचली होती. मालकांनी हॉटेलात हसत हसत सांगितली म्हणे. ज्यांनी अर्जाखाली सह्या केल्या होत्या तेच जिन्यात कुजबुजू लागले. "आणि आपण ह्यांच्याकडे पोरं पाठवतो. पाचवं शील कुठल्या तोंडानं शिकवणार हे?" असं माझ्याच दारात उभी राहून एक शेजारीण म्हणाली. मी तिला चहा विचारला. हो, चहा विचारला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं आणि आतून चहा बाहेर पडला.

पुढच्या रविवारी मी विहारात गेले. पोरं निम्मीच होती. दारात काही बाप्ये हाताची घडी घालून उभे होते, पाचव्या शीलाला म्हातारा कसा अडखळतो ते बघायला. तात्या तोच पांढरा सदरा घालून बसले. पहिलं शील म्हणाले, पोरांनी मागून म्हटलं. दुसरं म्हणाले, तिसरं म्हणाले.

चौथ्याला ते थांबले.

पोरं तोंड उघडून वाट बघत राहिली. पुढे बसलेल्या एका चिमुरडीला वाटलं आजोबा विसरले, तिनं हळूच पहिला शब्द सांगितला. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येता माका बाळा. तू म्हण, हेंका म्हणूक लाव." तिनं म्हटलं, पोरांनी तिच्यामागून म्हटलं. तात्या मान खाली घालून ऐकत होते.

मग पाचवं त्यांनी स्वतः म्हटलं, खणखणीत, एकही शब्द न गाळता. दारातले बाप्ये एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना काही उमगलं नाही. तिथे बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं, की पाचवं त्यांनी कधी मोडलंच नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. चौथं ती मुलगी म्हणते. तात्यांना ते पुन्हा म्हणता यावं यासाठी फक्त एक अर्ज लागेल, पानभराचा, खाली माझ्या नावाचा. कागद घरात आहे, पेन आहे, आणि अक्षराबद्दल तर विचारायलाच नको.