यॉर्कमधली तळमजल्याची खोली

आठ वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी यॉर्कवर एक लेख लिहिला होता. त्यात एका घरमालकिणीबद्दल जे लिहिलं ते खरं नव्हतं. हे सांगायचं मी तेव्हापासून टाळत आलो. आधी लाज होती, मग सवय झाली. आता ब्याऐंशीवं सरलं आहे. या एप्रिलात आम्ही पुन्हा यॉर्कला जाऊन आलो, आणि आधीचं सांगितल्याशिवाय या प्रवासाचं वर्णन करता येणार नाही.

लेखात मी लिहिलं होतं की, तळमजल्यावर खोली असूनही त्या बाईने आमचा रंग पाहून आम्हाला माळ्यावर टाकलं. माझी बायको नलिनी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तीन जिने ती प्रत्येक वळणावर बसत चढली. तेवढं खरं आहे.

बाकीचं असं. खोलीसाठी फोन मी केला होता. वरच्या खोलीतून मिन्स्टर, म्हणजे तिथलं प्रचंड चर्च, दिसतं का, हे मी तीनदा विचारलं. नलिनीच्या गुडघ्याचा विषय काढलाच नाही. मिसेस हॉलमने साहजिकच विचारलं, "यू वोन्ट बी नीडिंग द ग्राउंड फ्लोअर, देन?" म्हणजे तळमजल्याची खोली तुम्हाला लागणार नाही तर?

तेव्हा मला गुडघा आठवला आणि मी घाईने म्हणालो, "नो, नो."

आपल्याकडे कुणी विचारतं, "तुम्हाला चहा नको ना?" आपण म्हणतो, "नाही, नाही, घेईन की." माझा नो तसा होता. तुमचा समज चुकीचा आहे, खोली लागणार आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. चाळीस वर्षं या देशात नोकरी केली, तरी घाईत माझी जीभ मराठी वळणाने जाते.

आम्ही पोचलो तेव्हा खालची खोली दुसऱ्या जोडप्याला दिलेली होती. मी दिवाणखान्यात, त्या जोडप्यासमोर, मिसेस हॉलमला फैलावर घेतलं. ती लालबुंद झाली. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असणार," म्हणाली आणि स्वतःची खोली देऊ करू लागली. मी ऐटीत नकार दिला. वर गेल्यावर नलिनी गुडघा चोळत म्हणाली, "अहो, फोनवर तुम्ही नो म्हणालात. मी भाजी निवडत होते, कान उघडे होते."

म्हणजे लेख लिहिताना मला सगळं ठाऊक होतं. पण 'माझं इंग्रजी चुकलं' असं लिहिण्यापेक्षा 'तिची नजर वाईट' असं लिहिणं सोपं गेलं. आपल्यापैकी अनेकांना तसे अनुभव खरोखर आलेले, म्हणून कुणी शंका घेतली नाही. मंडळाची सहल तिच्याकडे उतरणार होती, ती रद्द झाली. कुणीतरी माझ्या लेखातला तो भाग इंग्रजी करून, माझं नाव न देता पण घराच्या नावासकट इंटरनेटवरही टाकला. मी गप्प बसलो.

यंदा मीच म्हणालो, यॉर्कला जाऊ या. राहायची जागा शोधली आमच्या मृणालने. ती इथेच वॉटफर्डला जन्मली.

"बाबा, हा घर बघा. स्टेअर्स नाही आहे, ब्रेकफास्ट इन्क्लूडेड आहे."

"हे घर," नलिनी म्हणाली.

"तेच. आणि बाबा, तुम्हाला व्ह्यू नको ना?"

"हो," मी म्हणालो.

"हो म्हणजे हवा की नको?"

"नको," नलिनीने परस्पर सांगितलं. "त्यांना व्ह्यू पुरे झाला."

वॉटफर्डहून लंडनचं युस्टन स्टेशन, तिथून बॅग ओढत किंग्ज क्रॉस, आणि पुढे दोन तासांची गाडी. मोहरीसारखी पिवळी शेतं मैलोन्‌मैल. यॉर्कच्या स्टेशनचं छप्पर धनुष्यासारखं वाकलेलं आहे, ते नलिनीला मागच्या वेळी दिसलंच नव्हतं. "तेव्हा मी पायांकडे बघत होते," ती म्हणाली. जुन्या गल्ल्यांतल्या दगडी फरशीवर बॅगेचं एक चाक निखळलं आणि पुढचा रस्ता ती तीन पायांच्या कुत्र्यासारखी आली.

गावाभोवती जुनी तटबंदी अजून उभी आहे. तिच्या उतारावर डॅफोडिल्स (पिवळी, कर्ण्यासारखी फुलं) दाटीने फुललेली. तटावर चढायला पायऱ्या आहेत म्हणून आम्ही खालूनच चाललो. दुपारी यॉर्कशर पुडिंग खाल्लं. पुडिंग म्हणून ते गोड समजू नये. वाटीसारखा फुगलेला, कडेला कुरकुरीत असा खारा प्रकार असतो. "फुगलेलं धिरडं," असं म्हणून नलिनीने पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली. वाढणाऱ्या बाईने वास घेऊन विचारलं, "हे काय, लव?" (तिकडे अनोळखी माणसालाही 'लव' म्हणतात.) तिने चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी चिमूटभर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिसेस हॉलमच्या घरी गेलो. माझ्या कोटाच्या खिशात माफीचं कार्ड होतं. इंग्रजी मृणालने तपासून दिलेलं, म्हणजे त्यात तरी चूक नको. घरावरची पाटी गेली होती. भिंतीत स्क्रूची चार भोकं उरली होती.

दार तिनेच उघडलं. काठी आली होती, केस पार पांढरे झाले होते. आम्ही पूर्वी तिच्याकडे उतरलो होतो एवढंच मी सांगितलं. चेहरा काही तिला ओळखता आला नाही, पण तिने आत बोलावलं. बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली. महिनाअखेरीस ती समुद्रकाठी बहिणीकडे राहायला जाणार होती. तळमजल्याच्या त्याच खोलीत आता तिचा पलंग होता.

"माझे गुडघे गेले," ती म्हणाली.

"माझे आधी गेले," नलिनी म्हणाली. दोघी गुडघ्यांवर छान बोलल्या. चहा झाला. माझा हात खिशात होता.

मग मिसेस हॉलम म्हणाली, "भारतीय पाहुणे बरेच यायचे हो माझ्याकडे. एकाने लिहिलं की मी त्यांना रंगामुळे माळ्यावर ठेवलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कोण असेल, मी असं काय केलं असेल, याचा खूप विचार केला. त्यानंतर दार उघडतानाच धास्ती वाटायची. शेवटी पाटीच काढली." तिने माझ्याकडे पाहिलं. "इट वॉझन्ट यू, वॉझ इट?" ते तुम्ही नव्हतात ना?

मी म्हणालो, "नो, नो..."

पुढे 'इट वॉझ मी' म्हणायचं होतं. नाही, नाही, मीच तो. पण तिचा चेहरा दोन शब्दांतच उजळला. "वाटलंच मला," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही इतके सज्जन वाटता." आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. मी एक उचललं.

परतीच्या गाडीत पिवळी शेतं उलट्या दिशेने जायला लागल्यावर नलिनीने विचारलं, "आजचा नो कुठल्या भाषेतला होता हो?"

तो मराठी होता की नुसता भित्रा, हे मलाच आजही कळलेलं नाही.

घरी येऊन धीर गोळा करायला मला सहा आठवडे लागले. मग कार्ड पोस्टाने पाठवलं. पाकिटावर 'आता इथे राहत नाहीत' असा शेरा येऊन ते परत आलं. समुद्रकाठचं ते गाव कोणतं, हे मी विचारलं नव्हतं.

माझं खोटं मराठीत छापलं गेलं होतं, तरी ते तिच्यापर्यंत पोचलं. खरंही तिथेच छापावं म्हणून हे लिहिलं. कार्डावरचा मजकूर एवढाच आहे:

मिसेस हॉलम, तुमच्या ऐकण्यात चूक झाली नव्हती. नो मी म्हणालो होतो. तो लेखही मीच लिहिला. मला माफ करा.