दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

पोळ्या लाटत होते, तेवढ्यात वरून सुमनच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, सुमनमावशी गेली..." महिना उलटून गेला, माझा राग काही जात नाही.

सुमन गणिताची, मी मराठीची. नाशिक रोडच्या एकाच कॉलेजात आमची नोकरी झाली, घरंही एकाच बिल्डिंगमध्ये. मी तळमजल्यावर, ती तिसऱ्यावर. लिफ्टच्या नावानं शंख. जुनाट आजारानं फुप्फुसं थकली की श्वासाचं आणि हृदयाचं काय होतं, ते समीकरणांत मांडायचं, हा तिचा संशोधनाचा विषय. पुढे तोच आजार तिला जडला. मी देवाला शिव्या घातल्या, तर ही म्हणते, "बरं झालं, आता आकडे उसने आणायला नकोत!"

"अगं, हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. अडकून बसते. घाई केली की आणखी अडकते," हे तिनं आम्हाला कितीदा समजावलं. तरी तिला धाप लागली की आम्ही सगळे ओरडणार, "घे, जोरात श्वास घे!" ती बिचारी हातानं खुणावायची... थांबा, आधी सोडू द्या.

कित्येक महिने ती घराबाहेर पडली नव्हती; रोजचा चहा मीच थर्मासमधून वर न्यायचे. "एकदा तुझ्या दारातल्या ओट्यावर बसून चहा प्यायचाय. आणि उचलून न्यायचं नाही हं मला." मग स्वतःच्याच छातीचं गणित मांडून बसली. कुठे थांबायचं, किती सावकाश श्वास सोडायचा, सगळं काढलं.

"उतरणं जमेल. चढणं दुसऱ्या मजल्यापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढचं सुटत नाहीये."

तरी उतरली. मागे भाचा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन. चहा प्याली, वर "आलं कमी पडलंय" म्हणाली. चढताना दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांनी मांडलेल्या खुर्चीपर्यंत आली, आणि तिथून उठवेचना. दारादारांतून गलका, "श्वास घ्या मॅडम, श्वास घ्या!" मी खेकसले, "गप्प बसा! सोडू द्या तिला." शेवटी खुर्चीसकट वर न्यावी लागली. तिचं गणित बरोबर आलं, याचाच मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची परत दुसऱ्या मजल्यावर ठेवायला लावली. "गणित पुन्हा मांडून बघू," म्हणाली. ते राहूनच गेलं. मग तिला खाली आणलं ते चौघांनी, भराभर. मीच वेड्यासारखी ओरडले, "हळू रे, तिला थांबावं लागतं!"

खुर्ची अजून तिथेच आहे. परवा मी सवयीनं चहाचा थर्मास घेऊन निघाले. दुसऱ्या मजल्यावर बसले, सावकाश श्वास सोडला... आणि मग आठवलं, वर कोणी नाही.