पटमोजणीचा बुधवार

ओलीथा ग्रीअर आता वेंडल स्ट्रीटवरून जात नाही. दुकानात जायचं असलं तरी दोन गल्ल्यांचा वळसा घेते. वेंडल स्ट्रीटवर आमची बेलफील्ड प्राथमिक शाळा आहे, म्हणजे होती. खिडक्यांना फळ्या ठोकल्यात आणि तांब्याचे नळ चोरांनी पहिल्याच हिवाळ्यात उपटून नेले. ते नळ मी वीस वर्षं घासले होते, म्हणून मला जास्त राग येतो.

ओलीथा त्या शाळेची कारकून. सहा मुख्याध्यापक आले नि गेले, ही मात्र ऑफिसच्या खिडकीमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जागची हलली नाही. डेट्रॉइटच्या आमच्या भागात असं घर सापडणार नाही, जिथल्या कुणाच्याच दाखल्यावर तिची सही नाही. मी बॉयलर सांभाळायचो, फरशा पुसायचो आणि तिची बोलणी खायचो. "पर्सी, हे ऑफिस आहे की बर्फाचा कारखाना?" हा तिचा सकाळचा नमस्कार.

आमच्याकडे ऑक्टोबरचा पहिला बुधवार म्हणजे पटमोजणी. त्या दिवशी बाकावर जितकी मुलं, तितक्यांचं अनुदान. एरवी पोरं आली काय, न आली काय, वरच्यांना सोयरसुतक नाही. त्या बुधवारी मात्र प्रत्येक पोर जागेवर हवं. मग सगळ्या शाळा पिझ्झा वाटतात, आइस्क्रीम वाटतात, कुठे कुठे तर सायकलींची सोडत काढतात. ओलीथाला हे लाड पटायचे नाहीत. "पोर पिझ्झा नाही म्हणून घरी राहत नाही," ती म्हणायची. "शर्ट धुतलेला नाही म्हणून राहतं."

आणि ते खरं होतं. गणवेशाचा पांढरा शर्ट मळका असला की पोरं लाजेनं दडी मारायची. म्हणून शाळेत विसरलेले, टाकलेले शर्ट ती वर्षभर गोळा करायची, घरी धुवायची, इस्त्री करून मापाप्रमाणे गाडीच्या डिकीत रचून ठेवायची. बुधवारी हजेरी झाली की गैरहजरांची यादी घेऊन निघायची. दार वाजवायचं, आईला चार शब्द सुनवायचे, पोराच्या अंगात शर्ट घालायचा आणि त्याला गाडीत बसवायचं. पुढच्या सीटवर मी, कारण कुत्र्यांना ती भ्यायची.

मग आमच्या भागात नव्या शाळा उगवायला लागल्या. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा, चार्टर म्हणतात त्या. पालकांना निवड मिळाली, असं जो तो सांगायचा. घरोघर चकचकीत पत्रकं यायची, त्यांवर टाय लावलेली हसरी पोरं. आमची मुलं एकेक करून कमी झाली. मुलं घटली म्हणून संगीताच्या बाई गेल्या, बाई गेल्या म्हणून आणखी मुलं घटली. शेवटी एका वर्षी उन्हाळ्यात शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसातून पत्र आलं: ऑक्टोबरच्या मोजणीत अडीचशेच्या खाली गेलात तर शाळा बंद.

त्याच ऑगस्टमध्ये ओलीथाच्या घरचा नळ गळत होता. मी ओट्याखाली आडवा झालो होतो आणि वर मायलेकींची जुंपली होती. ओलीथाची मुलगी शेरिस वृद्धाश्रमात दोन पाळ्या करते. तिची नाओमी आठ वर्षांची, वाढली आजीपाशीच आणि शिकत होती आमच्याच शाळेत. ब्राइट लॅडर नावाच्या चार्टर शाळेच्या सोडतीत नाओमीचा नंबर लागला होता.

"आई, मी हो म्हणून कळवलंय," शेरिस म्हणाली.

"मला न विचारता?"

"तुला विचारून काय होणार होतं? वरच्या मजल्यावर हीटर चालतो का, विचार पर्सीकाकांना." मी पाइपमागे डोकं खुपसलं. "गेलं अख्खं वर्ष पोरीला कायमच्या बाई नाहीत. रोज नवा बदली मास्तर आणि रोज तेच टर्की पक्ष्याचं चित्र रंगवा. तिसरीत चाललीय, अजून बोट ठेवून वाचते."

"बाई येतायत या वर्षी. मुख्याध्यापक ड्रेपर सरांनी शब्द दिलाय."

"मागच्या वर्षीही दिला होता. आई, तुझी शाळा वाचवायला माझी पोर पणाला लावू?"

"माझी शाळा? तूही तिथंच शिकलीस."

"शिकले ना! आणि आता लोकांचे डायपर बदलते. बघ किती शिकले ते."

ओलीथाच्या हातातला चमचा भांड्यावर आपटला. नाओमी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, तिकडे सगळ्यांना टाय देतात." म्हणजे पोरीचं मनही तिकडेच होतं.

मला विचाराल तर शेरिसचं चुकलं नव्हतं. ओलीथाचंही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला आजही कुणाला शिव्या घालायच्या ते कळत नाही, आणि शिव्या घातल्याशिवाय राहवतही नाही.

पोराची फाइल पोराबरोबर जाते. ही फाइल म्हणजे बालवाडीपासूनचे गुण, लसी, बाईंचे शेरे, सगळं. दुसऱ्या शाळेनं फाइल मागितली की ओलीथा ती आठवडाभर टेबलावर ठेवायची, आईला फोन करायची, गळ घालायची. दहातल्या तीन तरी परत वळवायची. नाओमीची फाइल मात्र तिनं सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात उचलली. टपालानं पाठवायची, तर म्हणाली, हरवली म्हणजे? जेवणाच्या सुट्टीत स्वतः घेऊन गेली. गळ्यात बेलफील्डचं ओळखपत्र तसंच.

तिथं प्रवेशाच्या रांगेत आमच्याच गल्लीतल्या आया उभ्या होत्या, नुसत्या चौकशीला आलेल्या. त्यांनी पाहिलं. मिस ओलीथा आपल्या नातीची फाइल आपल्या हातानं देतेय.

दोन दिवसांनी एक आई ऑफिसच्या खिडकीशी आली. "माझ्या दोघांच्या फायली काढून ठेवा."

"अगं, थांब जरा. बाई येतायत, ऐक माझं..."

"मिस ओलीथा, तुम्हाला आतलं सगळं ठाऊक. तुम्ही नात तिकडे घातलीत, आणि आम्हाला सांगताय थांबा? आम्ही काय खुळ्या आहोत?"

ओलीथानं उठून फायली काढून दिल्या. महिना संपेपर्यंत अशा अकरा गेल्या. एकाही आईला तिनं फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होती?

बुधवार उजाडला. आम्ही दहा घरं घेतली. एका पोराचा पाय प्लास्टरमध्ये, त्याला मी खांद्यावर टाकून तीन जिने उतरवला. एक पोरगी मामाकडे गेली होती, तिला शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणली. मोजणी झाली. दोनशे एकेचाळीस, अडीचशेला नऊ कमी.

मी बॉयलरपाशी बसून बेरीज केली. अकरा आणि एक नाओमी, बारा. दोनशे त्रेपन्न. तिनंही केलीच असणार, आकड्यांत तिचा हात कोण धरणार? त्या दिवशी ती मला काही म्हणाली नाही, ऑफिसात थंडी मरणाची होती तरी.

नोव्हेंबरात ब्राइट लॅडरमधून बोलावणं आलं. शेरिसची पाळी सुटेना, म्हणून ओलीथा गेली आणि मला सोबत नेलं. टाय लावलेला एक तरुण साहेब फार गोड बोलत होता.

"नाओमी गुणी आहे हो. पण आमचा वेग तिला झेपत नाही. बुटाची नाडी सुटलेली, रांगेत बोलणं, असे सतरा शेरे झालेत. तिला मानवेल अशी दुसरी शाळा तुम्ही बघितलीत तर तिच्याच हिताचं होईल."

"मोजणीच्या बुधवारपर्यंत तिला हीच शाळा मानवत होती का?" ओलीथानं विचारलं.

"मॅडम, कुणी काढून टाकत नाहीये. निवड शेवटी तुमचीच."

मला त्याचा टाय ओढावासा वाटला. ओलीथानं कोपरानं ढोसून मला गप्प केलं. बाहेर बाकावर नाओमी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, टाय काढून त्याची नीट घडी घातलेली. "हा परत द्यायचा असतो," ती म्हणाली.

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण येईपर्यंत, नाओमी धरून, बारातली आठ पोरं परत आली. शिवाय इतर चार्टर शाळांनी घालवलेली आणखी काही आली. अनुदान गेलं तिकडे, पोरं आली इकडे. आमच्याकडे बाक पुरेनात. मी तळघरातून मोडके बाक आणून खिळे मारले. ओलीथा रोज नवी नावं पटावर चढवत होती आणि रोज वरच्या ऑफिसला फोन करत होती. जानेवारीत उत्तर आलं. ऑक्टोबरचा आकडा ग्राह्य, शाळा जूनमध्ये बंद.

फेब्रुवारीत एक दुसरी मोजणी असते. तिला फारसा कुणी विचारत नाही, आणि आमचा निकाल तर लागलाच होता. त्या बुधवारी गुडघाभर बर्फ पडलेलं. ओलीथानं तरीही डिकीत शर्ट भरले. मी म्हटलं, "बाई गं, आता कशाला?" तिनं फक्त गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी चालवताना मी बघितलं, शेजारी बसून ती रडत होती, आणि रडता रडता यादीतले पत्ते सांगत होती.

दहा वाजता वर्गावर्गातून हजेरीच्या चिठ्ठ्या आल्या. ओलीथानं त्या दोनदा मोजल्या. दोनशे अठ्ठावन्न. गैरहजर कुणी नाही. तिच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तिसरीची चिठ्ठी नाओमीनं आणली होती. ती खिडकीशी टाचा उंचावून उभी राहिली.

"आजी, या वेळी मला मोजलंस ना?"

"मोजलं, बाळा."

"मग आता शाळा बंद नाही होणार."

ओलीथानं चिठ्ठ्या तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या. नाओमीनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आजीकडे.

"पण आम्ही सगळे आलोय," ती म्हणाली.

मी फरशी पुसत होतो. ती केव्हाच कोरडी झाली होती, तरी मी मान खाली घालून पुसत राहिलो.